एक एकर की तीन?

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर बाबांनी माझ्या लॅपटॉपवर एक कागद ठेवला. "वकीलसाहेबानं देल्ला. नीट टाईप करून दे, कोर्टात लावाचा हाये."

मी चिखलीत घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. त्यामुळे घरातलं प्रिंटर, पीकविमा, आधार हे सगळं खातं माझ्याकडेच. कागदावर सात निकालांची हाताने लिहिलेली यादी होती. खटला आमचाच. आत्याने आबांच्या नऊ एकर वावरात हिस्सा मागितला होता. प्रतिवादी बाबा आणि काका.

यादी गचाळ होती. कुठे साल आधी, कुठे पान आधी, कुठे पक्षकारांची नावं अर्धीच. सॉफ्टवेअरवाल्याला असं काही दिसलं की हात शिवशिवतात. निकाल कुठे छापलाय, त्या पत्त्याला वकील लोक सायटेशन म्हणतात. 'एआयआर २०१६ एससी ७६९' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या आपल्या नागपूरच्या मालिकेत, २०१६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या भागात, पान ७६९. तोच निकाल दुसऱ्या मालिकेत '(२०१६) २ एससीसी ३६' होतो: साल कंसात, मग खंड, मग पान. शिवाय २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच निकालांना क्रमांक देतं, छापणारा कोणीही असो. मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात 'एनएजी' दिसलं की तो नागपूर खंडपीठाचा.

हे समजायला मला एक संध्याकाळ लागली. मग कंस, स्वल्पविराम, सगळं एकसारखं केलं. वर आगाऊपणा म्हणून एका चॅटबॉटला विचारलं, 'आमच्या बाजूचा आणखी एखादा निकाल आहे का?' त्याने लगेच दिला. नावं, साल, खंड, पान, सगळं जागच्या जागी. यादी आठची झाली आणि छापील पुस्तकासारखी दिसायला लागली.

एका कंसाबद्दल मात्र शंका राहिली. विचारायचं कोणाला? घरात कायदा शिकणारी एकच, आत्याची मुलगी. अमरावतीला शेवटच्या वर्षाला आहे. खटला उभा राहिल्यापासून मोठी माणसं बोलत नाहीत. आम्ही दोघं बोलतो, पण वावर सोडून. मी आडून विचारलं, "एससीसीत साल गोल कंसात की चौकोनी?"

ती हसली. "गोल. पण दादा, आमच्या सर कंस शेवटी बघतात. आधी तीन प्रश्न विचारतात. निकाल खरंच आहे का? तू म्हणतोस ते त्यात, कोणत्या परिच्छेदात आहे? आणि तो अजून जिवंत आहे का?" थोडं थांबून म्हणाली, "कशासाठी हवंय ते मला सांगू नकोस."

रात्री मी एकेक निकाल उघडायला बसलो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पहिला फटका चॅटबॉटच्या निकालाला बसला. तशा नावाचा खटला कुठेच नव्हता, आणि दिलेल्या पानावर विक्रीकराचं भलतंच प्रकरण होतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दिले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला, ही बातमी मी ऑफिसच्या ग्रुपवर हसत फॉरवर्ड केली होती. आता तेच मी बाबांच्या नावावर करायला निघालो होतो.

तो निकाल काढून टाकणं सोपं होतं. अडलो ते यादीतल्या तिसऱ्या नावावर: प्रकाश विरुद्ध फुलवती. हा निकाल खरा होता. पान बरोबर, खंड बरोबर. आमच्या उत्तराचा सगळा भार त्याच्यावर. ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका जन्मजात हक्क, असं त्यात म्हटलंय. आमचे आबा १९९९ ला गेले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना असा हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आत्याचं लग्न १९८६ चं.

पण ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात फुलवतीचं म्हणणं रद्द ठरवलं. हक्क जन्माने मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही.

मी हिशेब मांडला. आजी आबांच्या आधीच गेलेली. फुलवती धरला तर आबांच्या तीन एकरांतला तिसरा वाटा, म्हणजे आत्याला एक एकर. विनीता शर्मा धरला तर तीन एकर. मी सुबक करून ठेवलेल्या त्या एका ओळीची किंमत दोन एकर होती.

सकाळी बाबांना ओट्यावर गाठून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकिलाले मालूम नसंल का?"

"माहीत नाही."

"आपण तसंच लावलं तं?"

समोरचा वकील पाच मिनिटांत काढेल, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. पण समोरच्याने काढलं नसतं, तरी ती ओळ माझ्याने टाईप झाली नसती. हे मात्र बाबांना तोंडावर सांगता आलं नाही.

त्यांनी चष्मा मागितला. "काय लिहिलंय ते मराठीत सांग." मी निष्कर्षाचा परिच्छेद वाचून दाखवला. न्यायालयाच्या मूळ प्रतीत तो १२९ क्रमांकाचा, एससीसीत १३७. मजकूर तोच, क्रमांक वेगळा. म्हणून कोणती प्रत वापरली तेही लिहावं लागतं. त्याच परिच्छेदात पुढे आहे, की नुसती तोंडी वाटणी सहसा ग्राह्य नाही, पण सरकारी कागदांचा पक्का आधार असेल तर अपवाद होऊ शकतो. बाबा तिथे थांबले. आबांनी १९९८ मध्ये वाटणी करून दिली होती, असं ते पहिल्यापासून सांगतात. तेव्हाचा एक फेरफार आहे. तो पुरेसा आहे की नाही, हे कोर्ट ठरवेल. आत्या म्हणते वाटणी झालीच नाही.

वकीलसाहेब आधी चिडले. मग फुलवती काढला आणि विनीता शर्मा सगळ्यात वर घेतला.

तारखा चालू आहेत. आता यादी सातची आहे. प्रत्येक निकालापुढे परिच्छेद क्रमांक, कोणती प्रत तेही, आणि त्या पानांची झेरॉक्स जोडलेली. अशा कागदांची एक प्रत समोरच्या पक्षालाही द्यावी लागते. आत्याला इंग्रजी येत नाही, म्हणजे ती प्रत वाचणार तिची मुलगीच. विनीता शर्माच्या झेरॉक्सवर तो परिच्छेद मी पेन्सिलीने खुणावून ठेवलाय, आमच्या प्रतीवर आणि तिच्याही.