हरळीचे शिक्षण

एका गवताला मराठीत दोन नावे आहेत. देवघरात ते दूर्वा असते आणि शेतात हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहणारा माणूस दुसऱ्याच दिवशी बांधावर कुदळ घेऊन त्याच गवताच्या काशा खणत बसतो, आणि यात काही विसंगती आहे असे त्याला मुळीच वाटत नाही. दूर्वासूक्तात या गवताच्या कांड्याकांड्यातून फुटण्याचे गुणगान आहे. शेतकऱ्याची तक्रारही नेमकी त्याच गुणाविषयी आहे. वरून धावणारे फुटवे पेरापेराला मूळ धरतात, खालून काशा पसरतात, आणि तोडलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे झाड उभे राहते. ऋषीचे निरीक्षण आणि शेतकऱ्याचे निरीक्षण एकच आहे. फरक आहे तो गरजेत.

जळोचीत, बारामतीला अगदी चिकटून असलेल्या आणि आता नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या गावात, माझे बालपण गेले. तिथे मी ऐकले ते हरळी हेच नाव. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग केले. हरळी मात्र दोन्हीकडे सारखी. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा उन्हात उघड्या पाडायच्या, वेचायच्या, ढीग करून जाळायच्या, हे आमच्या आजोबांचे शेतकी शिक्षण. पुढे या परिसरात औपचारिक शिक्षणही आले. १९७१ साली कृषी विकास प्रतिष्ठानची स्थापना झाली, शारदानगरला कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले, ठिबक सिंचनाचे धडे गावोगाव पोहोचले. त्या साऱ्या शिक्षणातही हरळीचे स्थान बदलले नाही. पुस्तकात ती ‘बहुवार्षिक तण’ या शीर्षकाखाली होती.

या गवताला एक तिसरेही आयुष्य आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. उष्ण प्रदेशातील गोल्फच्या मैदानांवर जी तलम हिरवळ दिसते, ती बहुतांशी याच कुळातली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपल्या हरळीचा तिच्या दक्षिण आफ्रिकी बहिणीशी संकर करून नव्या जाती काढल्या. गावाच्या नावावरून त्यांची नावे पडली : टिफग्रीन, टिफवे, आणि १९६५ साली आलेली टिफड्वार्फ. या संकरित जाती वंध्य असतात. त्यांना बी धरत नाही. लागवड करायची ती कांड्यांचे तुकडे पुरूनच. वंशवृद्धीच्या आशीर्वादात जिचे नाव घ्यायचे, तिची ही वंध्य लेक जगभराच्या मैदानांवर पसरली आहे, आणि ती जगवणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

त्या व्यवसायाशी माझा संबंध आला तो माझ्या मामेभावामुळे. तो पुण्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर पंधरा वर्षे काम करतो. गावी असताना त्याने हरळी खणली, तिथे तो हरळी सांभाळतो. या उलटापालटीवर गावातल्या लग्नाकार्यांत हमखास विनोद होतात. काही वर्षांपूर्वी त्याचे नाव मैदानाच्या देखभालीच्या एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी गेले. अभ्यासाची टिपणे अर्थातच इंग्रजीत होती. दहावीपर्यंत शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षर लावता येते, वाक्य लागत नाही. सुट्टीच्या दिवशी तो टिपणांची गड्डी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही मराठी शिकवता. एवढं मराठी करून द्या.”

हे काम आठवड्याभरात उरकेल अशी माझी समजूत होती, पण आम्हाला चार महिने लागले, आणि त्या काळात भाषेविषयी मी जे शिकलो ते भाषाशास्त्राच्या वर्गात कधी शिकलो नव्हतो. माझा पहिला कल संस्कृतकडे वळण्याचा होता. मराठीच्या प्राध्यापकाला पारिभाषिक शब्द हवा असला की त्याचा हात आपोआप धातू आणि उपसर्ग यांच्याकडे जातो. टिपणांत ‘थॅच’ हा शब्द होता. हिरवे पाते आणि माती यांच्यामध्ये मेलेल्या-जिवंत कांड्यांचा, मुळ्यांचा जो थर साचतो तो. मी काहीतरी ‘तृणावशेष’ असे जुळवत होतो. मामेभावाने वर्णन ऐकले आणि म्हणाला, “हे तर आपलं पाचटच की.”

उसाच्या मुलखातल्या माणसाला पाचट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते थोडे असले तर ओल धरते, जास्त झाले तर पाणी मुळापर्यंत पोहोचू देत नाही, कीड-रोगाला आसरा देते. टिपणांत दीड पानभर हेच लिहिले होते. मग रस्ता सापडला. लागवडीसाठी पुरायच्या कांड्यांना आम्ही ‘बेणे’ म्हणू लागलो, कारण उसाचे बेणे आणि हरळीचे बेणे यांचे तत्त्व एकच : पेरावरचा डोळा जिवंत हवा, बेणे सुकू देता कामा नये. वर वाळूचा पातळ थर पसरण्याला ‘भर देणे’. दुपारच्या उन्हात पाते थंड करण्यापुरते पाणी मारण्याला ‘शिडकावा’. ते पाणी देणे नव्हे, हा भेद शब्दातच राहिला.

सर्वांत मोठा शब्द आला तो ‘वाफसा’. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, मुळांना श्वास घेता येतो, अशी अवस्था समजावून सांगायला इंग्रजी टिपणांनी आकृती काढली होती. मराठी शेतकरी मूठभर माती दाबून बघतो आणि ‘वाफसा आला’ म्हणतो. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत मोठ्या पावसानंतर वाफशाला कित्येक दिवस लागतात. गोल्फच्या ग्रीनखाली मात्र माती जवळजवळ नसतेच. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली घालून दिलेल्या रचनेनुसार वर सुमारे तीस सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि खाली सुमारे दहा सेंटिमीटर खडी असते. बारीक वाळू पाणी धरून ठेवते, ती पुरती भिजली की जादा पाणी खडीत उतरते. मामेभावाने हे ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगितले, “म्हणजे तासाभरात वाफसा यावा म्हणून केलेली जमीन.” मला वाटते, त्या प्रकरणाचा याहून चांगला सारांश संभवत नाही.

इथे थांबलो असतो तर हा लेख लोकज्ञानाच्या गौरवाचा झाला असता, आणि तसा गौरव आपल्याकडे स्वस्त आहे. मामेभावाच्या हाताला जे ठाऊक होते त्याला मर्यादाही होत्या, आणि त्या त्यालाच आधी दिसल्या. ‘कसे’ हे त्याला येत होते, ‘किती’ हे येत नव्हते. ग्रीनवरचे गवत तीन ते पाच मिलिमीटरवर कापतात. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक छाटायचे नाही, हा नियम तो पाळत होता, पण यंत्राचे पाते मोजून लावण्याचे काम नेहमी दुसरा कोणीतरी करीत असे. औषधाच्या बाटलीवर मात्रा हेक्टरी लिहिलेली; त्याच्यापुढे पाचशे चौरस मीटरची ग्रीन. वर्षानुवर्षे साहेब सांगेल तेवढी झाकणे तो टाकीत ओतत आला होता.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, केवळ कमी विषारी. हे फवारणाऱ्यास ठाऊक असणे जीवनमरणाचे आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. शिक्षण न पोहोचण्याची किंमत कोण मोजतो, हे त्यानंतर वेगळे सांगण्याची गरज नसावी.

‘किती’चा धडा आम्ही सातबाऱ्यावरून घेतला. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, शंभर आरांचा एक हेक्टर, हे त्याला पाठ होते. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच आर, हेक्टराचा विसावा भाग; हेक्टरी दोन लिटर मात्रा असेल तर या ग्रीनला शंभर मिलिलिटर. त्रैराशिक त्याला शाळेत जमले नव्हते. भाऊबंदकीच्या वाटण्यांनी ते त्याच्याकडून आधीच करवून घेतले होते. फक्त त्याचे नाव त्रैराशिक आहे हे कोणी सांगितले नव्हते.

या व्यवसायाचा इतिहासही असाच हातापासून सुरू होतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे मैदान १८६४ साली टॉम मॉरिस याच्या स्वाधीन झाले. तो मुळात चेंडू बनवणारा कारागीर; वाळूची भर देण्याची पद्धत त्याने रुजवली, ती कोणत्या विद्यापीठात शिकून नव्हे. अमेरिकेत १९२६ साली ओहायोतील टोलेडो येथे मैदानरक्षकांनी आपली संघटना काढली, आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात लॉरेन्स डिकिन्सन यांनी त्यांच्यासाठी हिवाळी वर्ग सुरू केला. बर्फ पडून मैदाने बंद असतात त्या काळात काम करणाऱ्याने शिकावे, अशी ती सोय होती. संघटनेचे नावही बदलत गेले. आरंभी ती ‘ग्रीनकीपर’ मंडळींची होती. १९३८ साली नावात ‘सुपरिंटेंडेंट’ शब्द शिरला आणि १९५१ पासून तो एकटाच उरला. राखणदाराचा अधीक्षक होण्यास पंचवीस वर्षे लागली. यातली प्रतिष्ठेची हाव बाजूला ठेवली तरी एक गोष्ट शिल्लक राहते : काम करणाऱ्यांनीच आपल्या कामाचे नाव बदलून घेतले, आणि ते शिक्षणाच्या आधाराने घेतले.

एका आक्षेपाला सामोरे जायला हवे. बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांनी टँकरची वाट पाहिली आहे. अशा मुलखातल्या माणसाने मूठभरांच्या खेळासाठी गवताला पाणी घालण्याच्या विद्येचे कौतुक करावे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो न्यायालयातही गेला आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. मुद्दा मैदानांना लागणाऱ्या पाण्याचाच होता. गोल्फची मैदाने असावीत की नसावीत, किती असावीत, हा राजकीय प्रश्न आहे आणि तो तसाच लढवला पाहिजे. पण असलेल्या मैदानावर रोज किती पाणी पडते, ते पिण्याचे की सांडपाणी शुद्ध करून आणलेले, वरवर रोज भिजवायचे की मुळांना खाली उतरायला लावील असे खोल आणि क्वचित द्यायचे, हे निर्णय पहाटे पाच वाजता नळाच्या चावीशी उभा असलेला माणूस अमलात आणतो. तो शिकलेला नसेल तर नासाडी होणारे पाणी आपलेच असते. दुष्काळी मुलखाला या शिक्षणाची गरज सुकाळी मुलखापेक्षा अधिक आहे.

मामेभावाला प्रमाणपत्र मिळाले. लेखी परीक्षेत तो कसाबसा निभावला. तोंडी परीक्षा हिंदीत झाली आणि तिथे तो मनमोकळे बोलला. आता यंत्राचे पाते तोच लावतो, मात्राही तोच काढतो, आणि नव्या पोरांना ‘पाचट किती झालंय बघ’ असे म्हणतो. पगारपत्रकावर मात्र त्याच्या नावापुढे अजून ‘माळी’ असेच आहे. माळी हा शब्द हलका नाही. मराठी संतपरंपरेत तो सावता माळ्याच्या नावाने उजळलेला आहे. आस्थापनेच्या वहीत मात्र त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाला समजते असे आम्ही धरलेले नाही. शिकलेले आणि मोजलेले ज्ञान असे दोन प्रकार होतात ते इथे, आणि त्यांच्यामधली दरी वेतनात दिसते.

महाविद्यालयांत आपण परिभाषेवर व्याख्याने देतो, मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून ठराव करतो. त्या चर्चेत बहुधा एक गृहीत असते, की ज्ञान इंग्रजीत आहे आणि आपल्याला त्यासाठी शब्द घडवायचे आहेत. त्या चार महिन्यांनंतर मला हे गृहीत अर्धेच खरे वाटते. पुष्कळ शब्द घडलेले आहेत. ते उसाच्या फडात, बांधावर, सातबाऱ्यावर आहेत, आणि ज्याला ते येतात त्याला ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिण्याची मुभा नाही. मुभा दिली तर त्याला उरलेले अर्धे, म्हणजे मोजमाप, मात्रा, कारणे, हे शिकणे जड जात नाही. कृषी महाविद्यालयाने मैदानांच्या देखभालीचा एखादा लहान अभ्यासक्रम मराठीत काढावा, आणि त्याची शब्दसूची करताना मराठीच्या विभागाने माळ्यांच्या शेजारी बसावे, एवढी साधी ही सूचना आहे. आमची सूची त्रेसष्ट शब्दांची झाली. त्यांतले माझ्याकडून आलेले शब्द अकरा आहेत, आणि मैदानावर रुळले आहेत ते त्यांतले दोन.