बेरीज सात, तरी काम अडलं!

मैत्रिणींनो, निकाल हाती आला की आपण आधी बेरीज बघतो, नाही का? मीही तेच केलं आणि फसले.

माझी धाकटी जाऊ परिचारिका आहे. इंग्लंडात नोकरीला जायचं म्हणून तिनं ‘आयईएलटीएस’ ही इंग्रजीची परीक्षा दिली. मी बी. ए., शिवाय दुपारी दोन तास शाळेत शिकवणारी. तेव्हा तिची तयारी साहजिकच माझ्याकडे आली. पोळ्या लाटता लाटता मी तिच्याकडून निबंध पाठ करून घेतले. निकाल लागला, एकूण ७! सासूबाईंनी लगेच पेढे आणवले.

रात्री जाऊ ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “वहिनी, लेखनात ६च आहेत. तिथं नोंदणीला लेखनात ६.५ लागतात, बाकी तिन्हींत ७.”

मग मात्र मी गुणांची रीत नीट वाचून काढली. या परीक्षेत पास-नापास नसतंच. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना ० ते ९ अशी श्रेणी असते. त्यांची सरासरी जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण अंकावर नेतात. जाऊचे ७.५, ७, ६ आणि ७, सरासरी ६.८७५, म्हणून एकूण ७. त्या गोल सातात लेखनाचे ६ झाकले गेले!

ऐकण्या-वाचण्याचे ४०-४० प्रश्न. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून जागा कोरी सोडू नये. लेखनात दोन प्रश्न, पण दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. आणि मी तिला सांगितलेलं काय? “पहिलं सुरेख लिही, दुसरं जमेल तसं!” शिवाय विचारलं त्याचंच उत्तर आहे का, मुद्दे नीट जुळलेत का, हे तिथं शब्द आणि व्याकरणाइतकंच मोलाचं. पाठ केलेला निबंध तिथं काय कामाचा?

चूक माझी होती. ते तिला सांगायला मला दोन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, “मग आता नीट शिकवाल ना?”

आता रोज रात्री भांडी आवरली की आम्ही घड्याळ लावून बसतो. ४० मिनिटं दुसऱ्या प्रश्नाला, २० पहिल्याला. तुमच्याही घरी असा निकाल आला, तर बेरजेआधी चारही रकाने बघा हं. पेढे काय, नंतरही आणता येतात.