बद्द आवाज

आईची काशाची वाटी आमच्या न्यू जर्सीच्या घरात फरशीवर पडली आणि काठाला केसाएवढी चीर गेली. रात्री तळपायांना तूप लावून घासायची ही वाटी, तिला आजीकडून आलेली. तिने टिचकी मारून पाहिली. "बद्द वाजतेय गं," एवढेच म्हणाली.

"वितळवून परत करता येईल ना, आजी?" माझ्या मुलाने विचारले.

त्याच आठवड्यात आम्ही तिला फिलाडेल्फियाला लिबर्टी बेल दाखवायला नेले. नाशिकच्या आईला साहजिकच नारोशंकराची घंटा आठवली. समोरची घंटाही काशाचीच निघाली: सुमारे ७० टक्के तांबे, २५ टक्के कथील, बाकी किरकोळ धातू. १७५२ साली लंडनहून आली आणि वाजवून बघतानाच तडकली. पास आणि स्टो या तिथल्याच दोन कारागिरांनी ती वितळवली, ठिसूळपणा जावा म्हणून तांबे वाढवले. नवी घंटा तडकली नाही, पण तिचा आवाज ऐकून लोक हसले! पुन्हा वितळवली, कथील वाढवले. १७५३ची तीच ही घंटा.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, कल्हईवाल्याचे कथील अवघ्या २३२ला. दोन्हींचा रस पाण्यासारखा एकाच अंशावर थिजत नाही. आधी तांब्याने भरलेले स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात. कथील जास्त असलेला रस फांद्यांच्या मधल्या फटींत उरतो आणि शेवटी गोठतो. तोच भाग कडक आणि ठिसूळ. घंटा खणखणते ती त्याच्यामुळे, आणि तडकतेही.

आपण फोटो काढतो ती रुंद फट म्हणजे खरे तर दुरुस्ती आहे. १८४६ साली वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवायची होती. चिरेच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून ती मुद्दाम रुंद केली. घंटा वाजली, पण वरच्या बाजूला नवी चीर गेली. तेव्हापासून ती मुकीच.

"मग माझी वाटी कुणाकडे द्यायची नाही," आईने परतताना गाडीत जाहीर केले. वितळवली तर आजीची कशी राहील, हा तिचा दुसरा मुद्दा. त्याला शास्त्रात उत्तर नाही.

परत जाताना वाटी ती इथेच ठेवून गेली. चीर काठालाच आहे, बूड अजून गुळगुळीत. परवा रात्री मुलगा तुपाची बरणी घेऊन आला आणि म्हणाला, "आई, पाय पुढे कर."