सातबारा नसलेल्यांचा हिशेब

आमच्या टोकावड्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, सातबारा कुणाच्या नावावर? आमच्यासारख्या पुष्कळ घरांपाशी तो नाही. म्हणून सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा, हिशेब आम्ही जरा वेगळा मांडतो.

केंद्राचा सेझ कायदा २००५ चा. शेजारच्या रायगडात महामुंबई सेझसाठी जमिनी जायच्या होत्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. भूसंपादन पुढे बारगळले. शेतकऱ्यांची जमीन वाचली, बरेच झाले. पण कौल जमीनमालकांचा. त्याच शेतात लावणीला जाणाऱ्या बाईला विचारले कोणी? जमीन गेली असती तर मोबदला तिच्या नावावर नव्हता. राहिली, तर मजुरी पावसाळ्यापुरती.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतीवरच्या निबंधात मांडले होते, की शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे. तेव्हा कारखान्याला आमचा विरोध कसा असेल? चीनचे शेन्झेन १९८० पासून याच वाटेने वाढले. आपल्याकडे अंधेरीचे सीप्झ १९७३ पासूनचे. तिथल्या दागिन्यांच्या कारखान्यांवर कितीतरी चुली पेटतात.

आम्ही विचारतो ते एवढेच, की नोकरी कायम, का ठेकेदाराची? फंड कापतात, तो भरतात का? आमच्या घरातला मुलगा सहा वर्षे ठेकेदाराकडे आहे. दर अकरा महिन्यांनी त्याचे नाव खोडून पुन्हा लिहितात. यंदा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "मुलगा कंपनीत आहे ना?" त्यांना काय सांगायचे, हे घरात अजून ठरायचे आहे.