अशील नसलेला वकील

2023 च्या फेब्रुवारीत आंब्याचा मोहोर अजून गळायला लागला नव्हता, उन्हालाही धार आली नव्हती, आणि दुपारी गल्लीतून चालत गेलं की उघड्या खिडक्यांमधून एकच आवाज एका घरात संपून पुढच्या घरात सुरू होत असे. क्रिकेटचा सामना नव्हता, मालिकाही नव्हती. दिल्लीत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे शिवसेनेतल्या फुटीचा खटला चालला होता आणि महाराष्ट्र तो ऐकत होता. कपिल सिब्बल बोलत, अभिषेक मनू सिंघवी बोलत, पलीकडून हरीश साळवे आणि नीरज किशन कौल बोलत. आणि भाकऱ्या थापता थापता, धान्य निवडता निवडता, दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता माणसं ते इंग्रजी अंगावरून वाहू देत. शेजारच्या काकू मला जिन्यात अडवून ‘त्या रेबियाचं काय झालं हो पुढे?’ असं विचारत, दूरच्या नात्यातलं कुणी दवाखान्यात असावं आणि त्याची खबर घ्यावी तसं. नबाम रेबिया हे अरुणाचल प्रदेशच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि अध्यक्षांच्या अधिकारांविषयीचा, त्यांच्या नावाचा 2016 चा एक निकाल या सगळ्याच्या मुळाशी होता, एवढं मीही तेव्हाच शिकलो होतो.

सर्वोच्च न्यायालयानं घटनापीठाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं ते 2022 च्या सप्टेंबरात. त्यापूर्वी त्या दालनात काय घडतं हे आपल्याला वर्तमानपत्राच्या चार ओळींतून कळे. आता दार उघडलं, पण आत गेल्यावरही बसायचं कुठे हे समजेना, कारण राज्यघटनेच्या 348 व्या कलमानुसार तिथला व्यवहार इंग्रजीत. मुंबई, नाशिक, परभणीच्या माणसांनी दिलेल्या मतांचा तो झगडा, आणि त्याचं भवितव्य ठरत होतं अशा भाषेत, जिच्यातले निम्मे शब्द इंग्रजी शिकलेल्यांनाही अनोळखी. समोर सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि तरीही आपल्याविषयी काय बोलणं चाललं आहे ते कळत नाही, ही उघड्या दाराशी उभं राहण्याची अवस्था बंद दारापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी असते.

मग न्यायालय उठे आणि वाहिन्यांवर दिल्लीहून मराठीत बोलणारा एक वकील दिसे. सिद्धार्थ शिंदे. मूळचे श्रीरामपूरचे, हरितक्रांतीच्या काळात केंद्रात शेतीखातं सांभाळणाऱ्या अण्णासाहेब शिंदे यांचे नातू. वकिली सर्वोच्च न्यायालयातली, त्यामुळे तिथल्या चालीरीती अंगवळणी पडलेल्या. आणि बोलणं असं, की गावाकडच्या पाहुण्याला दिवसभरात काय झालं ते सांगावं. आज काय झालं, उद्या काय होऊ शकेल, न्यायमूर्तींनी अमुक प्रश्न विचारला म्हणून त्यांचा कल तिकडेच आहे असं मानायची घाई का करू नये. आवाज चढलेला मला तरी आठवत नाही. आणि वाहिन्यांच्या त्या रात्रीच्या कोलाहलात, जिथे सहा चौकटींतून सहा माणसं एकाच वेळी संतापलेली असतात, न चढलेला आवाज ही एक दुर्मीळ वस्तू होती.

त्यांना ऐकताना मला नेहमी तालुक्याच्या कोर्टाचं आवार आठवे. लहानपणी आजोबांचं बोट धरून मी तिथे जात असे. बांधाचा काहीतरी वाद होता, आमच्या वयापेक्षा मोठा. आत पुकारा होई, पट्टेवाला नावं ओढून ओढून घेई, आणि थोड्या वेळानं काळा कोट हातावर टाकून वकीलसाहेब बाहेर येत. आतलं काही आजोबांना समजलेलं नसे. खरं कोर्ट भरे ते त्यानंतर, लिंबाच्या सावलीत, चहाच्या टपरीशेजारी. वकीलसाहेब बशीत चहा ओतत आणि सांगत, ‘आज जज्जसाहेबांनी आपलं ऐकून घेतलं. पण समोरचा वेळ मागतोय. पुढची तारीख पडली.’ तेवढ्यानं आजोबांचा चेहरा सैल होई. हरलो की जिंकलो हे त्यात कुठेच नसे. आपल्या बाबतीत काय चाललं आहे ते आपल्या बोलीत कुणीतरी आपल्याला सांगितलं, एवढंच असे. न्यायाची भूक माणसाला असतेच, पण त्याआधी समजण्याचीही एक भूक असते, आणि ती चहाच्या बशीवरही थोडीशी भागते.

वकील वाहिनीवर येतो तेव्हा त्याच्याजवळून नेमकं काय सुटतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. सुटतो तो अशील. वकिलाचं सगळं शिक्षण एका बाजूनं विचार करण्याचं. वकीलपत्रावर सही झाली की जगाचे दोन भाग होतात, आपलं आणि समोरच्याचं. पडद्यावर मात्र आपलं असं कुणी नसतं. ज्या वादात आपण उभे नाही त्याचा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी मांडायचा, आणि तोही अशा श्रोत्यांपुढे, ज्यांना निकाल देण्याचा अधिकार नाही पण मत मात्र ठाम आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि गळ्यातले पांढरे बँड व अंगावरचा गाऊन न्यायालयाबाहेर, काही समारंभ वगळता, मिरवता येत नाही. मला हा नियम फार सुंदर वाटतो. शब्द तुझे असतील, पण हे वस्त्र त्या दालनाचं आहे, असं त्यात काहीतरी आहे.

अमेरिकेत या व्यवसायाची वाट वेगळी गेली. तिथे 1991 मध्ये खटले दाखवणारी कोर्ट टीव्ही नावाची वाहिनीच सुरू झाली, आणि पाठोपाठ ओ. जे. सिम्पसनचा खटला आला. तो 1995 च्या 3 ऑक्टोबरला संपेपर्यंत देशभर चहाकॉफीबरोबर रक्ताच्या नमुन्यांची चर्चा झाली होती. वॉशिंग्टनमध्ये फौजदारी वकिली केलेल्या ग्रेटा व्हॅन सस्टरन त्याच काळात सीएनएनवर त्या खटल्याचा अर्थ सांगू लागल्या, मग त्यांचा स्वतःचा कार्यक्रम झाला, 2002 मध्ये त्या फॉक्स न्यूजवर गेल्या आणि पुढे कायद्याइतकंच, किंबहुना अधिक, राजकारणाविषयी बोलू लागल्या. त्यांना मी दोष देत नाही. पण पडद्याची ओढ कुठल्या दिशेला असते ते यात दिसतं. अर्थ सांगायला आलेल्या माणसाला पडदा हळूहळू निवाडा करायला बसवतो.

आपल्याकडे याचं एक निराळं उदाहरण आहे, आणि ते आठवलं की मी जरा गप्पच होतो. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्याच्या खटल्यात सरकारी वकील उज्ज्वल निकम रोज कॅमेऱ्यांपुढे येत. त्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब यानं तुरुंगात बिर्याणी मागितली, हे देशानं त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि वर्षानुवर्षं तोंडी लावलं. 2015 मध्ये निकमांनीच सांगितलं की तसं काही घडलं नव्हतं. कसाबविषयी सहानुभूतीची लाट उठू लागली होती, ती मोडायला त्यांनी ते रचलं होतं. निकम त्या खटल्यात एका बाजूचे होते, भाष्यकार नव्हते, हे खरं. तरीही कॅमेऱ्यापुढे उच्चारलेल्या एका वाक्याचं आयुष्य केवढं असतं! न्यायालयात खोटं ठरलेलं विधान निकाल देताना बाजूला ठेवता येतं, लोकांच्या जिभेवरून ते पुसणार कोण? आजही कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत ती बिर्याणी वाढली जाते.

म्हणून 11 मे 2023 ची दुपार मला महत्त्वाची वाटते. शिवसेनेच्या खटल्याचा निकाल आला तो असा, की राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं, एकनाथ शिंदे गटानं नेमलेला प्रतोद बेकायदा होता, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभाध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं, आणि रेबियाच्या निकालाचा पुनर्विचार सात न्यायमूर्तींनी करावा. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. चुकीच्या पायरीवरून वर चढलेला माणूस वरच राहतो, हे शेजारच्या काकूंना कसं पटवायचं? राजकीय प्रवक्त्याला हा प्रश्न पडतच नाही. तो आपली अर्धी बाजू उचलतो आणि निघून जातो. सांगणाऱ्या वकिलाला मात्र दोन्ही अर्ध्या हातात धरून उभं राहावं लागतं, आणि ‘हे तुम्हाला आवडणार नाही, पण हे असं आहे’ हे दोन्हीकडच्या माणसांना एकाच वाक्यात म्हणावं लागतं. काकूंना पटलं नाहीच. पण कळलं, असं त्या म्हणाल्या.

बोललेल्या भाष्याची नोंद कुठे राहत नाही. युक्तिवाद करणाऱ्या वकिलाचं नाव निकालाच्या छापील पानांत येतं, पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी ते वाचतो. त्याच निकालाचा अर्थ लाखो घरांत पोचवणाऱ्याचं नाव त्या पानांत नसतं, आणि त्याची वाक्यं दुसऱ्या दिवसाच्या बातम्यांखाली दबून जातात. माझ्या आजोबांच्या वकीलसाहेबांचं बशीवरचं सांगणं तरी कुणी लिहून ठेवलं?

15 सप्टेंबर 2025 ला सिद्धार्थ शिंदे दिल्लीत हृदयविकारानं गेले. वय 48. शिवसेनेच्या धनुष्यबाण या चिन्हाचा वाद, ज्याची प्रत्येक तारीख ते मराठी माणसांना समजावून सांगत आले होते, त्या दिवशीही सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता.