पावसाळ्यातले ऊन

दर वर्षी २१ जूनला आम्ही मुलांना घेऊन क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत जातो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली ही वास्तू. कर्कवृत्त अगदी जवळ असल्यामुळे त्या दिवशी भर दुपारी शंकूची सावली आटत आटत पार नाहीशी होते. आकाश तेवढे निरभ्र हवे! गेल्या खेपेस नेमका त्याच घटकेला ढग आला. मुले हिरमुसली, आम्हांस मात्र हुणसूरच्या भावोजींची आठवण झाली.

आम्ही मूळचे कारवारचे. आमची थोरली बहीण म्हैसूरकडे, हुणसूरजवळच्या एका खेड्यात दिली आहे. तेथे तंबाखूची शेती. निपाणीकडचा विडीचा तंबाखू कोरड्या दिवसांत निघतो आणि उन्हावरच वाळतो. हुणसूरचे व्हर्जिनिया पान मात्र ऐन पावसाळ्यात काढणीस येते. ते काठ्यांना बांधून एका उंच, बंद कोठीत टांगतात. तिला तिकडे 'बॅरन' म्हणतात. बाहेर भट्टी पेटते, आत जमिनीलगत लोखंडी नळ तापतात; धूर पानाला शिवत नाही. आरंभी सुमारे ३५ अंशांच्या उबेत पान पिवळे होते, मग उष्णता चढवीत ७० अंशांच्या आसपास नेऊन त्याची शीर वाळवतात. पाच-सात दिवस अहोरात्र हा जागर चालतो.

एका चतुर्थीच्या सुटीत आम्ही तो पाहिला. आदल्या वर्षी ओल्या लाकडांमुळे रात्री आच मंदावली, पान काळवंडले आणि आक्काच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. यंदा सुक्या लाकडासाठी परसातला फणस तोडला होता. तापमापक पाहण्यासाठी घटकाघटकाला उठणारे भावोजी म्हणाले, "मास्तर, तुमच्या उज्जैनला ऊन फार. थोडे इकडे पाठवा की!"

तंबाखूसाठी एवढी कळकळ शिक्षकाला शोभते काय, असे कोणी पुसेल. आमचे कॉलेज आजोबांच्या सुपारीवर झाले. आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करावा?

भावोजींचा विनोद मनातून जाईना. उज्जैनला परतल्यावर मुलांकडून एक लाकडी पेटी करविली. आत काळा रंग दिलेला पत्रा, वर काच. उन्हात ठेवताच आतली हवा भराभर तापली. ढग येताच तितक्याच वेगाने निवाली. तळाशी दगड घातले, तेव्हा ऊब थोडी अधिक टिकली, पण रात्रभर नव्हे. पावसाळ्यातल्या कोठीचा सारा भार सूर्यावर टाकता येणार नाही, हे मुलांनाही उमगले. पान पिवळे होताना सौम्य उष्णता लागते, तेथे दिवसा अशी तापलेली हवा आत सोडून इंधन वाचवावे. पुढच्या कडक आचेसाठी शेजारच्या कोडगूतल्या कॉफीच्या टरफलांच्या दाबून केलेल्या कांड्या, नारळाची सोडणे जाळावीत. ती दर हंगामाला पुन्हा मिळतात. फणस वाढायला आमच्या आक्काचा निम्मा संसार गेला होता. आणि सर्वांआधी कोठीच्या भिंतींतल्या फटी बुजवाव्यात, कारण विकतची ऊब तेथूनच पळते.

आम्ही हे सारे आकृतीसह लिहून पाठविले. पेटीच्या आकृतीवर भावोजी पोट धरून हसले म्हणे. फटी मात्र त्यांनी बुजविल्या, आणि एका कोठीपुरत्या टरफलांच्या कांड्या आणल्या. आक्काने पत्राच्या कडेला लिहिले आहे की विहिरीजवळचा दुसरा फणस अजून उभा आहे. यंदा गरे खायला यावे.