नोवाक

कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिच्याविषयीं वाचतां वाचतां मी पोलिश आडनांवांच्या नादीं लागलों, आणि ‘नोवाक’पाशीं येऊन थबकलों.

‘नोवी’ म्हणजे नवा. त्यावरून नोवाक, म्हणजे गांवांत नुकताच येऊन राहिलेला. हें नांव त्यानें स्वतः घेतलें नसावें. जुन्या रहिवाशांनींच तें त्याला चिकटविलें असावें. आपल्याकडे नाहीं का, जमिनीवर पिढीजात हक्क असलेला तो मिरासदार आणि बाहेरून येऊन ती कसणारा तो ‘उपरी’! परंतु असा एखादा नवा माणूस गांवोगांवीं येतच असतो. आज पोलंडमध्यें सुमारें २ लाख नोवाक आहेत. इतकें प्रचलित आडनांव तेथें दुसरें नाहीं. लोहारकीवरून आलेला कोवाल्स्कीदेखील त्यांच्या मागें! चेक आणि स्लोव्हेन लोकांतहि हेंच नांव, थोड्या फरकानें, सर्वांच्या पुढें आहे.

माझ्या लहानपणीं वडिलांची बदली झाली आणि आम्ही एका वाड्यांत राहावयास गेलों. अकरा वर्षें तेथें काढलीं. पण शेजारणींच्या तोंडीं आम्ही अखेरपर्यंत ‘नवें बिऱ्हाड’च होतों. आईला तें फार लागे. हळदीकुंकवाहून परतल्यावर ती कितीदां तरी गप्प बसून राही. पहिल्या नोवाकची बायकोहि अशीच बसली असेल. आणि तिच्या नातवंडांनीं तेंच नांव अभिमानानें सांगितलें असेल.

आईच्या हयातींत मला हें आडनांव ठाऊक असतें तर!